टेकाडे गुरुजींचं सैन्य

"आला का तुमचा शत्रू?" कुंदानं काउंटरवरून विचारलं.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. मोडेम किंचाळून दमला होता आणि पडद्यावर मेल एकदाची उतरत होती. पुढे एक गिऱ्हाईक आरशासमोर मान वाकडी करून उभं होतं.

"आला," मी म्हटलं. "उद्या मुदत संपत होती. आणखी एक दिवस गप्प बसला असता तर मी जिंकलो असतो."

"अरेरे," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. "ती राहू द्या, ही घाला. मघापासून तुमचं मन हिच्यावरच आहे."

गिऱ्हाइकानं ती घातली आणि तीच घेऊन गेलं. कराडात आमचं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढणं आणि काचा बसवणं माझं काम, फ्रेम विकणं कुंदाचं. माणूस आरशात कसा बघतो यावरून तो काय घेऊन जाणार हे तिला त्याच्या आधी कळतं. मला लोकांचे डोळे तपासून काही कळत नाही. नंबर तेवढा कळतो.

ही गोष्ट २००१ सालच्या फेब्रुवारीतली. तेव्हा आम्ही पंधरा-वीस जण मेलवर लढाईचा एक खेळ खेळायचो. पुण्याच्या शशांक दाबके नावाच्या इंजिनियर मुलानं तो बनवला होता आणि पंचही तोच. खेळाचं नाव 'घाटमाथा'. उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा, मधे नदी, दोन्ही अंगाला किल्ले, खिंडी, धान्याची कोठारं. दोघांनी आपापले हुकूम दाबकेला मेलनं कळवायचे, त्याच्या कॉम्प्युटरनं दोन्ही एकदम चालवायचे आणि ज्याच्या हेरांना जेवढं दिसलं असेल तेवढंच त्याला परत कळवायचं. बाकी सगळा अंधार. घोडदळ कुठल्या ओढ्यात लपवलंय ते फक्त त्याच्या मालकाला आणि दाबकेला ठाऊक.

मेलवर खेळणाऱ्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. त्यामुळे सगळी इभ्रत वागण्यावर. चाल वेळेत पाठवायची. गावाला जाणार असाल तर आधी सांगायचं आणि ग्रुपातला कोणी बदली म्हणून नेमून जायचं. हरायला लागलात म्हणून गायब व्हायचं नाही, आणि जिंकायला लागलात म्हणून पत्राखाली खी खी करायचं नाही. हे सगळं पूर्वी तोंडी होतं. मी ते नियम म्हणून व्यवस्थित लिहून काढलं, कारण मला अघळपघळपणा खपत नाही.

त्यातला मुदतीचा नियम तर मी एका माणसासाठीच घालून घेतला होता. तो माणूस म्हणजे परतवाड्याचे टेकाडे गुरुजी. शाळेत भूगोल शिकवायचे आणि चाल कधी म्हणजे कधी वेळेवर पाठवायचे नाहीत. एकदा म्हशीनं फोनची वायर खाल्ली. एकदा साडूच्या मुलीची सोयरीक आली. एकदा नुसतंच, 'भाऊ, काल लय झोप आली.' असल्या माणसाला सगळे हसून सोडून द्यायचे, कारण तो गोड लिहायचा. मी मात्र वर्षभर भांडून ठराव मंजूर करून घेतला: मुदत टळली की डाव समोरच्याचा.

आणि त्या वर्षी अंतिम सामना पडला तो टेकाडे गुरुजी आणि मी यांच्यातच.

करंडक पितळेचा होता, फार मोठा नव्हता. दर वर्षी नवा करून त्यावर विजेत्याचं नाव कोरायचे. मी तीनदा अंतिम सामन्यात पोचून तीनदा हरलो होतो. दुकानाच्या शोकेसमधे, वरच्या कप्प्यात, मी त्याच्या मापाची जागा रिकामी ठेवली होती. तिथं काय ठेवायचंय असं गिऱ्हाइकांनी विचारलं की कुंदा सांगायची, "यायचंय अजून." तो करंडक मला हवा होता. मी मेल उघडली.

मेलमधे चाल नव्हतीच.

'मिराशी भाऊ, सा. न. मले जनगणनेची ड्युटी लागली. मेळघाटात पार आत जाऊन राहिलो, तिथं फोन नाई, वीज नाई, तीन आठवडे माणसं मोजतो. बदली ठेवावा तर कोणाले ठेवावा? या ग्रुपात वेळेवर चाल पाठवणारा एकच माणूस हाय, तो म्हणजे तुमी. म्हणून माह्यं सैन्य तुमच्याच हाती देऊन राहिलो. माह्या बाजूनं तुमीच खेळा. पासवर्ड संत्रा. सांभाळजा.'

मी ते तीनदा वाचलं. मग दाबकेला फोन लावला.

"असं चालतं का?" मी ओरडलो.

"नियमात बसतंय, काका," दाबके म्हणाला. "बदली खेळाडू ग्रुपातला असावा, एवढंच लिहिलंय तुम्ही. तो शत्रू नसावा असं नाही लिहिलेलं."

"पण हे अशक्य आहे!"

"मग नाही म्हणा. उद्या मुदत टळेल. डाव तुमचा, करंडक तुमचा. तेही नियमात बसतंय."

फोन ठेवून मी जेवायला वर गेलो. आमचं घर दुकानाच्या वरच आहे. कुंदानं भात वाढला, आमटी वाढली आणि माझ्याकडे बघत बसली.

"मग घेणार का, न खेळता?"

"नियमात बसतंय," मी म्हटलं.

"बसू दे. समोर कोणी नसताना जिंकायचं म्हणजे काय, ते मला कळत नाही. तसं तर तुम्ही रोज दाढी करताना जिंकता की. आणि जेवा आता, भाताशी खेळू नका."

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. माणसानं सगळं सैन्य विश्वासानं आपल्या ओटीत टाकावं आणि आपण मुदत संपायची वाट बघत बसावं? खाली येऊन मी पासवर्ड टाकला. संत्रा.

टेकाडे गुरुजींचं सैन्य पडद्यावर उघडलं आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की कुंदा पायऱ्या उतरून धावत आली.

"काय झालं? शॉक बसला?"

"घोडदळ! त्याचं घोडदळ माझ्या कोठाराच्या मागे आहे! ओढ्यात! पंधरा दिवसांपासून तिथं बसलाय लेकाचा आणि मला वाटत होतं तो झोपलाय!"

"मग बरं झालं की, कळलं ते."

"बरं काय झालं? आता मला कळलंय! मी माझं कोठार हलवलं तर ती चोरी. नाही हलवलं तर मूर्खपणा. मला त्याचं सगळं दिसतंय, कुंदा. आता माझ्या बाजूनं मी प्रामाणिकपणे खेळूच शकत नाही."

ती स्टुलावर बसली. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यांची बाजू तुम्हाला दिलीय ना? मग ती तुम्ही खेळा."

"आणि माझी?"

"तुमची मी बघते."

मी हसलो. दाबकेला फोन केला तेव्हा तोही हसला, पण त्यानं कुंदाला ग्रुपात घेतलं आणि परवानगी दिली. त्याच दिवशी संध्याकाळी मी तिला शिकवायला बसलो. तिनं नकाशा नीट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "यात आपले कुठले?"

"दक्षिणेचे तुझे. उत्तरेचे माझे. म्हणजे टेकाडेंचे."

"म्हणजे मी जिंकले तर तुम्हाला करंडक?"

"हो."

"आणि तुम्ही जिंकलात तर?"

"तर टेकाडेंना."

"मग तुम्ही हरायचं," ती म्हणाली. "सोपं आहे."

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "मी जीव तोडून खेळणार. विश्वासानं दिलेलं सैन्य आहे ते."

ती माझ्याकडे बघून हसली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तरी या हसण्याचा अर्थ मला नेहमी उशिराच कळतो.

घरात आम्ही पद्धत घालून घेतली. सकाळी मी टेकाडे व्हायचं आणि दुपारच्या जेवणाआधी हुकूम पाठवून मोकळं व्हायचं. जेवण झाल्यावर मी पडायचं तेवढ्यात तिनं खाली जाऊन तिचे हुकूम पाठवायचे. खोलीला कुलूप, किल्ल्या दोन. जेवताना लढाईचा विषय काढायचा नाही. तिनं हे सगळं मान्य केलं, फक्त 'जेवताना काही बोलणार नाही' असं म्हणताना जरा जास्तच गंभीर झाली.

पहिल्याच चालीत तिनं कोठार हलवलं.

माझं, म्हणजे टेकाडेंचं, घोडदळ ओढ्यातून भरधाव निघालं आणि रिकाम्या माळावर जाऊन उभं राहिलं. मीच तिच्यासमोर ओढ्याचं नाव घेऊन किंचाळलो होतो हे विसरून मी म्हटलं, नवख्यांचं नशीब असतं. दुसऱ्या चालीत मी पश्चिमेच्या खिंडीतून भालाईत पाठवले, तर खिंडीच्या तोंडाशी तिची माणसं माझी वाट बघत उभी. तिसऱ्या वेळी मी डोंगराला वळसा घातला. डोंगराच्या पलीकडे कुंदा.

"माझे घोडे कापलेस!" मी संध्याकाळी तिला म्हणालो. ती वांग्यांना मीठ लावत होती.

"तुमचे कुठले? टेकाडेंचे."

"माझ्या हाती दिलेत ते!"

"मग नीट सांभाळायचे."

दाबकेचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरही खेकसलो. "काका," तो म्हणाला, "तुम्ही जिंकताय, माहितीये ना? तुमचं दक्षिणेचं सैन्य जबरदस्त चाललंय."

"चुलीत जावो दक्षिणेचं सैन्य! माझे उत्तरेचे निम्मे लोक गारद झाले!"

 तिकडे त्यानं हसू दाबायला बहुधा फोनवर हात धरला होता.

खरं सांगायचं तर मला काहीतरी झालं होतं. सकाळी दार उघडून मी आधी टेकाडेंच्या किल्ल्यांवर नजर टाकायचो, मुलं शाळेतून आली का बघावं तशी. त्यांनी प्रत्येक तुकडीला नावं दिली होती: बोरवाले, चिंचवाले, संत्रेवाले. मी माझ्या तुकड्यांना आकडे दिले होते. संत्रेवाले ओढ्यात पंधरा दिवस उगाच बसले नव्हते. पूर्ण भाकरी मिळाल्याशिवाय गुरुजी त्यांना हलवत नसत, म्हणून ते उशिरा निघायचे आणि म्हणून ताजे असायचे. इतकी वर्षं ज्याला मी आळस म्हणत होतो, त्यातला निम्मा तरी आळस नव्हता. उरलेला निम्मा होता.

पण कुंदाला सगळं कळत होतं कसं? एके सकाळी माझ्या डोक्यात शंका शिरली आणि ती काही निघेना. मी पासवर्ड बदलला. त्यासाठी तिला सुचणार नाही असा शब्द शोधायला सगळी सकाळ गेली, कारण मला माहीत असलेलं सगळं तिला माहीत आहे. शेवटी एका जर्मन भिंगाच्या कंपनीचा माल-क्रमांक टाकला. दुपारी जेवलो, पडलो, आणि दुसऱ्या दिवशी निकाल बघितला तर कुंदा पुन्हा माझ्या आधी तिथं हजर.

मी दुकानातच तिला विचारलं. गिऱ्हाईक नव्हतं, एवढं तारतम्य मी ठेवलं.

"कुंदा, तू माझे हुकूम वाचतेस का?"

तिनं फडकं खाली ठेवलं. "दुसऱ्याची मेल उघडून वाचणाऱ्याला तुमच्या ग्रुपात काय म्हणतात?"

"चोर."

"मग तेच विचारा ना स्पष्ट."

"मी तसं म्हटलं नाही..."

"सतरा वर्षं तुमचा गल्ला माझ्या हातात आहे. आणि आता चार खोट्या घोड्यांसाठी..." तिनं फडकं उचललं आणि काच पुसायला लागली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जेवण वाढलं तेही भांड्यांच्या आवाजातून.

मी दाबकेकडे गाऱ्हाणं नेलं. पंच म्हणून दोन्हीकडचे हुकूम त्याच्यापुढे असायचे.

"काका, वहिनी तुमची मेल वाचत नाहीत," तो ठामपणे म्हणाला. "वाचल्या असत्या तर त्यांना तुमचा आकडा कळला असता. त्यांना आकडा कधीच कळत नाही. तुम्ही पन्नास माणसं पाठवा की पाचशे, त्या सारखीच फौज आणतात. त्यांना फक्त दिशा कळते."

"दिशा कशी कळेल?"

"ते मला विचारू नका. मी लग्न केलेलं नाही."

मी कुंदाची माफी मागितली. दुपारचा चहा स्वतः करून खाली दुकानात घेऊन गेलो. तिनं एक घोट घेतला, साखर कमी आहे म्हणाली आणि दुसरा घोट घेतला, तेव्हा मला कळलं की मिटलं. पण दिशा कशी कळते ते तिनं सांगितलं नाही. "लढाईचा विषय काढायचा नाही असं ठरलंय," म्हणाली.

तोवर टेकाडेंचं सैन्य थोडंच उरलं होतं. बोरवाले संपले होते, चिंचवाले किल्ल्यात कोंडले होते. संत्रेवाले मात्र शाबूत होते. त्या दिवशी सकाळी मी नकाशाकडे बघत बसलो आणि एकदम मला ते दिसलं. नदीला पूर्वेकडे पायी ओलांडता येईल असा एक उतार होता, दगडगोट्यांचा, तिथून कोणी कधी जात नसे. कुंदाचं सगळं सैन्य पश्चिमेला गुंतलं होतं. संत्रेवाल्यांनी तो उतार ओलांडला तर पुढे सरळ माळ, आणि माळाच्या टोकाला दक्षिणेची राजधानी. आत राखणीला कोणी नव्हतं. एका चालीत लढाई खलास, टेकाडे विजयी.

ती राजधानी माझी होती.

मी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि काढून घेतली. हा हुकूम गेला की करंडक गेला, चौथ्यांदा. आणि नाही पाठवला तर? कोणाला कळणार होतं? टेकाडे मेळघाटात माणसं मोजत होते. दाबकेला वाटलं असतं, काकांना उतार दिसला नाही. बऱ्याच जणांना नसता दिसला. मी बाहेर जाऊन शोकेसमधली ती रिकामी जागा बघून आलो. येऊन पुन्हा बसलो. मला रडू येईल असं वाटायला लागलं, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला, एका खेळापायी.

"संत्रेवाले, पूर्वेचा उतार, थेट राजधानी," असा हुकूम लिहिला आणि पाठवून दिला. मग जेवायला गेलो.

त्या जेवणाचं मला काहीही आठवत नाही. कुंदानं मधेच "आमटी ताटभर केलीत" असं म्हटल्याचं तेवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. संत्रेवाले उतार ओलांडून गेले होते. पलीकडच्या काठावर कुंदाचं सगळंच्या सगळं सैन्य उभं होतं. एकही संत्रेवाला परत आला नाही. त्याखाली दाबकेनं नियमाप्रमाणे, खी खी न करता, लिहिलं होतं: 'उत्तरेचा पाडाव. दक्षिणेचे राजे अच्युत मिराशी विजयी. अभिनंदन.'

अच्युत मिराशी मागच्या खोलीत डोकं धरून बसला होता.

आठवड्याभरानं दुकानासमोर रिक्षा थांबली आणि एक आडदांड माणूस खांद्यावर पोतं घेऊन उतरला. टेकाडे गुरुजी माझ्या मनात नेहमी बारीक, पेंगुळलेले असायचे. हा माणूस दारात मावत नव्हता.

"मिराशी भाऊ तुमीच काहो?" त्यांनी पोतं काउंटरवर आदळलं. त्यातून दोन संत्री घरंगळत नंबरच्या तक्त्याखाली गेली. "मी टेकाडे. कोल्हापूरले चाल्लो देवीले, म्हटलं आपलं सैन्य पाहून जाव."

 एवढे दिवस मी मनात जे वाक्य घोळवत होतो ते राहिलं बाजूला आणि भलतंच बाहेर पडलं. "गुरुजी, संत्रेवाले गेले हो!"

"हाव काय? सारेच?"

"सारेच."

"बरं मग, जेवाले काय हाय?"

कुंदानं त्यांना वर नेलं. ती पानं घेत होती तोवर मी कॉम्प्युटरवरून छापून ठेवलेल्या सगळ्या चाली त्यांच्यापुढे पसरल्या. गुरुजी चष्मा कपाळावर चढवून एकेक बघत गेले. मधूनमधून 'अरे बाप्पा' म्हणत होते. शेवटच्या कागदावर थांबले. बोट उतारावर ठेवलं.

"ही चाल तुमी केली?"

"हो."

"माह्या बाजूनं?"

"हो."

"पण भाऊ, हे लागली असती तर तुमचीच राजधानी जात होती. अन् करंडक मले येत होता."

"हो."

त्यांनी कागद खाली ठेवला. मोठा माणूस, पण आवाज एकदम खाली आला. "तुमच्या जागी मी असतो ना, तर त्या दिवशी मले नक्की ताप आला असता. माह्या सख्ख्या भावानं नसती केली ही चाल." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. "मुदतीच्या नियमावरून मी तुमाले मनात लय शिव्या देल्या होत्या. वापस घेतो."

मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. करंडकाच्या जागेकडे बघून कधी वाटलं नव्हतं इतकं.

"पण वैनी," गुरुजी पानावर बसत म्हणाले, "तुमाले कसं कळलं? उतारावरून कोणी जाते काय? काऊन उभ्या राहिल्या तुमी तिथं?"

कुंदा भात वाढत होती. "आता लढाई संपली ना? मग सांगायला हरकत नाही." तिनं माझ्या ताटाकडे हात केला. "हे जेवताना बघा. भाताचा डोंगर करतात. आमटीची नदी. चटणी म्हणजे राजधानी, ती नेहमी डावीकडे. मग भाजीच्या फोडी घेऊन एकेक इकडून तिकडे नेत बसतात. त्या दिवशी कारल्याच्या फोडी आमटीतून खालच्या अंगानं नेल्या आणि चटणीला भिडवल्या. मी खाली गेले आणि तिथं माणसं उभी केली."

मी हातातला घास तसाच धरून बसलो. "मी असं करतो?"

"गेली चार वर्षं. मला वाटायचं तुम्हाला जेवण आवडत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जेवताना लढाईचा विषय काढायचा नाही, असं तुम्हीच ठरवलेलं."

टेकाडे गुरुजी असे हसले की खाली दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक वर बघून निघून गेलं. मी दाबकेला तिथूनच फोन लावला आणि गाऱ्हाणं त्याच्यापुढे ठेवलं: हे हेरगिरीत बसतं की नाही?

"मेल उघडायची नाही, असा नियम आहे," दाबके म्हणाला. "ताटाबद्दल काही लिहिलेलं नाही. काका, चार वर्षं तुम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचत आलात ते समोरच्याला तुमचं जेवण दिसत नव्हतं म्हणून. आणि हो, नियमाप्रमाणे बदलीनं जिंकलेला डाव मूळ खेळाडूच्या नावावर लागतो. करंडकावर तुमचं नाव घालायला देतोय."

म्हणजे माझं नाव. मीच लिहिलेल्या नियमानं. दोघं माझ्याकडे बघत होते.

"घ्या की," कुंदा म्हणाली. "सैन्य तुमचंच होतं. जागाही केलेली आहे."

मला तो हवा होता. अजून हवा आहे, खोटं कशाला बोलू. पण ज्याला आपण स्वतःच्या हातानं आपल्याच राजधानीवर चालून गेलो हे माहीत आहे, तो माणूस करंडकावरचं आपलं नाव रोज घासून चकचकीत करणार कसा? "दाबके," मी म्हटलं, "लिहून घे. कुंदा मिराशी."

"नक्की, काका?"

"कुंदा अच्युत मिराशी, असं लिहितोस का?" मी जरा थांबून म्हटलं. "म्हणजे मधे."

कुंदानं तोंडाला पदर लावला. तो करंडक आजही शोकेसमधे आहे, वरच्या कप्प्यात, आणि मधलं नाव मीच जरा जास्त घासून पुसतो.

"वैनी," गुरुजी संत्री सोलून फोडी सगळ्यांच्या ताटात टाकत म्हणाले, "पुढच्या साली मले तुमच्याशी खेळाचं हाय. पण एक अट. मिराशी भाऊ माह्या बाजूनं. चाल वेळेवर जाईल अन् तुमचा स्वभाव त्याहिले ठाऊक."

"चालेल," कुंदा म्हणाली. "माझीही एक अट. जेवायला ते घरीच असतील."

गुरुजींना पुन्हा हसू फुटलं. मला या वेळी तिचं म्हणणं लगेच कळलं आणि मी खाली बघितलं. भाताच्या डोंगराला संत्र्याच्या फोडींनी उत्तरेकडून वेढा घातला होता आणि एक फोड आमटीच्या काठानं गुपचूप चटणीकडे निघाली होती. मी ती चटकन उचलून तोंडात टाकली. पण कुंदानं बघायचं ते बघून घेतलं होतं.